मागच्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

मागचे ड्रम काढून डिस्क बसवलेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्या बहुतेक वेळा काम दुसरीकडे होऊन गेल्यावर. तक्रारी ठरलेल्या असतात. पेडल मऊ लागतं. हँडब्रेक चढावर धरत नाही. जोरात ब्रेक मारला की गाडी मागून फिरते. खोलून पाहिलं तर खराब पार्ट क्वचितच सापडतो, चुकलेला असतो तो क्रम. आधी पुण्याच्या नाना पेठेतून सामान आणलं, मग ते गाडीला कसं बसेल ते पाहिलं, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल तपासायचं राहूनच गेलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की लक्षात घ्या. जोरात ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. त्यामुळे गाडी थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेकच करतात. मागे डिस्क लावून थांबण्याचं अंतर फारसं घटत नाही. फायदा होतो तो घाटात सलग ब्रेक वापरताना, साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर आणि पॅड (डिस्कला घासून ब्रेक लावणारे तुकडे) तपासण्या-बदलण्याच्या सोयीत. एवढ्यासाठी काम करायचं असेल तर जरूर करा. पण ‘ब्रेक कमी लागतो’ म्हणून करत असाल, तर उत्तर बहुधा पहिल्या टप्प्यातच मिळेल.

## टप्पा १: आहेत ते ब्रेक आधी पूर्ण नीट करा

चारही चाकं काढा. पुढच्या डिस्कची जाडी मोजा. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. पुढच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना हाताने सरकतात का पाहा. मागे व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणारा भाग) रबराखाली ओल आहे का, ड्रमला आतून घासणारे लायनर सगळीकडे टेकतात का आणि दोघांमधलं अंतर जुळवणारा ॲडजस्टर फिरतो की गंजून बसलाय, हे बघा.

हा ॲडजस्टर महत्त्वाचा. दोन-तीन पावसाळे चिखलात काढले की तो जाम होतो, लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं, पेडल खाली जाऊ लागतं आणि मालकाला वाटतं की ड्रमच वाईट. अशा कित्येक गाड्या ॲडजस्टर साफ करून आणि लायनर जुळवून ठणठणीत झालेल्या मी पाहिल्या आहेत.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. ते हवेतली ओल शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरल्यावर १४० ला. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत.

मग आजची स्थिती वहीत लिहा: पेडल किती खाली जातं, हँडब्रेक किती टिकटिकांवर धरतो, गाडी कोणत्या बाजूला ओढते का. काम झाल्यावर तुलना याच्याशीच करायची आहे.

तपासा: एवढं करून ब्रेक समाधानकारक झाले का? झाले असतील तर पुढचा खर्च करायचाच का, हे शांतपणे ठरवा.

## टप्पा २: तुमची गाडी या कामाला योग्य आहे का?

सगळ्यात सोपा मार्ग एकच. तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या वरच्या आवृत्तीला कंपनीने मागे डिस्क दिली होती का, हे शोधा. मारुती बलेनोच्या आर-एस आवृत्तीला चारही चाकांना डिस्क होत्या, बाकीच्या आवृत्त्यांना मागे ड्रम. अशी जोडी सापडली तर पार्ट नंबर एकेक करून ताडून पाहता येतात. नसेल, तर ब्रॅकेटपासून सगळं स्वतः जुळवावं लागतं आणि काम वेगळ्याच पातळीवर जातं.

मग गाडीला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का ते पाहा. एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. एबीएसचा कॉम्प्युटर मागच्या चाकांचा दाब ड्रम गृहीत धरून सांभाळतो. डिस्क लावली तर तो हिशेब चुकतो. शिवाय नव्या हबवरची (चाक ज्यावर बसतं तो भाग) सेन्सरची रिंग जुन्या रिंगशी तंतोतंत जुळली नाही, तर चाकाचा वेगच चुकीचा वाचला जातो. माझं मत स्पष्ट आहे: एबीएस असलेल्या गाडीवर हे काम फक्त त्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या आवृत्तीचा पूर्ण संच, कंट्रोल युनिटसकट, मिळत असेल तरच करावं.

तिसरी गोष्ट पाईपांची मांडणी. इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा लहान गाड्यांत ती बहुधा तिरकी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटवर, उरलेली दोन दुसऱ्यावर. इंजिन मागची चाकं फिरवतं अशा जुन्या गाड्यांत आणि जीपमध्ये बहुधा पुढचं वेगळं, मागचं वेगळं. हे आत्ताच ओळखून ठेवा, पुढे दाबाचा वॉल्व्ह निवडताना लागेल.

चाकाचा आकारही पाहा. १३ इंची चाकात बऱ्याचशा कॅलिपरना जागा पुरत नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून आत फिरवून बघा.

आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं घालतं. सामान घेण्याआधी आरटीओत विचारा: गाडी एमएच १२ ची असेल तर संगम पुलाजवळच्या कार्यालयात, एमएच १४ ची असेल तर पिंपरी-चिंचवडच्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. अपघातानंतर तोंडी बोलण्याचा काही उपयोग होत नाही.

## टप्पा ३: हिशेब कागदावर, सामान त्यानंतर

बहुतेक जण हा टप्पा गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो.

ड्रममध्ये पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत ओढला जातो आणि ऑइलच्या दाबापेक्षा जास्त पकड देतो. डिस्कमध्ये अशी आयती मदत नसते. म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो. पण किती मोठा, यावर सगळा तोल ठरतो.

उदाहरण म्हणून ड्रमला १९ मिमीचा व्हील सिलिंडर धरू. त्याचं क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिमी. ड्रमचा गुणक, म्हणजे दाबाच्या किती पट पकड मिळते तो आकडा, साधारण २.२ धरला तर गुणाकार ६२५ येतो. डिस्कचा गुणक साधारण ०.७५. ड्रम आणि डिस्कची त्रिज्या सारखीच मानू. ३४ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ ९०८, गुणाकार ६८१. म्हणजे मागचा ब्रेक सुमारे ९ टक्के जास्त. ३८ मिमी पिस्टनचं क्षेत्रफळ ११३४, गुणाकार ८५१. म्हणजे ३६ टक्के जास्त! दोन पिस्टनमध्ये फरक फक्त ४ मिमीचा, पण पहिली गाडी सांभाळता येईल आणि दुसरी मागून फिरेल.

तुमच्या गाडीचे खरे आकडे कॅलिपर मोजून काढा आणि हाच गुणाकार करा. डिस्कची त्रिज्या मोजताना बाहेरची कड धरू नका. पॅडच्या उंचीच्या मध्यापासून केंद्रापर्यंतचं अंतर घ्या.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग, बदलावा का, हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं हे खरं, पण पॅड डिस्कच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे चालत्या गाडीत पेडल वाटतं तितकं खाली जात नाही. ते खाली जातं बेअरिंग ढिली असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल तेव्हा, कारण डिस्क पॅडला मागे ढकलते आणि पुढच्या वेळी ते अंतर पेडलला भरून काढावं लागतं. म्हणून मोठा मास्टर सिलिंडर आधीच घेऊ नका. त्याने पेडल जड होतं आणि खरं कारण लपून राहतं.

थांबा: पूर्वी सगळीकडे ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांच्या मास्टर सिलिंडरमध्ये मागच्या लाईनवर थोडा दाब अडवून ठेवणारी झडप असू शकते. ड्रमला ती लागते. डिस्कला तिच्यामुळे पॅड कायम घासतात. सिलिंडर खोलून खात्री करा.

## टप्पा ४: सामान एकाच गाडीचं, पूर्ण संचात

कॅलिपर एकाचा, ब्रॅकेट दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची, असं करू नका. एका गाडीचा पूर्ण संच घ्या: हब किंवा स्टब (हब ज्यावर फिरतो तो दांडा), बेअरिंग, डिस्क, मातीपासून वाचवणारा पत्रा, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट आणि बोल्ट, रबरी पाईप, हँडब्रेकच्या दोन्ही केबल.

जुन्या बाजारात कॅलिपर स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण त्यांतले सील, रबर आणि पिना बदलायच्याच, असं समजून किंमत ठरवा. हँडब्रेकचा दांडा हाताने ओढून सोडा. तो स्प्रिंगने झटकन मागे आला पाहिजे. अर्ध्यावर अडकत असेल तर तो कॅलिपर घेऊ नका. पॅड, डिस्क, रबरी पाईप आणि तांब्याचे वॉशर मात्र नवेच घ्या.

ब्रॅकेट करून घ्यायची वेळ आली, तर भोसरी-चिंचवड पट्ट्यात लेझर कटिंग आणि मशिनिंग चांगलं होतं. पण नकाशा तुमचा असला पाहिजे. जाड पोलादी प्लेट, भोकं ड्रिलने अंदाजे पाडलेली नकोत, बोल्ट १०.९ ग्रेडचे. एक्सलला किंवा स्टबला वेल्डिंग अजिबात करू नका. तापलेल्या जागेशेजारी पोलाद ठिसूळ होतं, आणि तिथेच सगळा ताण येतो.

## टप्पा ५: लाईन न उघडता कोरडी जुळणी

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. ड्रम काढायला हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर हे काम करायचं नाही.

एका बाजूचा ड्रम उतरवा. तो निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी पाहा: बऱ्याच ड्रमला आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत बहुधा ८ मिमीचे बोल्ट आळीपाळीने कसले की ड्रम सरकतो. आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि तोंडावर मास्क ठेवा.

आता ऑइलचा पाईप तसाच जोडलेला ठेवून डिस्क, ब्रॅकेट आणि कॅलिपर त्या जागी धरून बघा. जागा करायला बॅक प्लेट (लायनर ज्यावर बसवलेले असतात तो पत्रा) हलवावी लागली तरी पाईपचा नट उघडायचा नाही. चार गोष्टी पाहायच्या:

- डिस्क ब्रॅकेटच्या मधोमध आणि समांतर फिरते का.
- चाक लावून फिरवलं तर कॅलिपरला कुठे घासतं का.
- डिस्कच्या जाडीने चाक बाहेर सरकल्यावर बोल्टचे आटे पुरतात का. निदान बोल्टच्या जाडीइतकी पकड हवी; १.५ मिमी पिचच्या (दोन आट्यांमधलं अंतर) १२ मिमी बोल्टला म्हणजे आठ पूर्ण फेरे.
- हँडब्रेकची केबल कॅलिपरच्या दांड्यापर्यंत मुरड न पडता पोहोचते का.

यांतलं एक जरी जमलं नाही, तर ड्रम परत बसवा आणि गाडी चालवत घरी जा. लाईन उघडलेली नाही म्हणूनच हे शक्य आहे.

## टप्पा ६: उतरवणं

आदल्या रात्री पाईपच्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नट फ्लेअर नट पान्यानेच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा पाना) उघडा. साध्या पान्याने तो गोल होतो, मग पाईप पिळून तुटतो आणि मास्टर सिलिंडरपर्यंतची लाईन बदलावी लागते.

ऑइल सगळं वाहून जाऊ नये म्हणून एक उपाय करा. लाकडाच्या पट्टीने पेडल दोन-तीन सेंटीमीटर दाबून अडकवा. मास्टर सिलिंडरचं आतलं छिद्र बंद होतं आणि टाकी रिकामी होत नाही. पाईपच्या तोंडाला रबरी टोपी लावा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

लायनर, स्प्रिंगा, व्हील सिलिंडर, बॅक प्लेट: प्रत्येक बाजूचं सामान वेगळ्या डब्यात, फोटो काढून.

## टप्पा ७: हब आणि डिस्क

हबच्या टेकणाऱ्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तिथे कागदाएवढी पापडी राहिली तरी डिस्क वाकडी फिरते. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. डिस्क सगळ्या नटांनी कसा आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं साधन) लावून फिरवा. डिस्कचा वाकडेपणा ०.०५ मिमीच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. जास्त येत असेल तर डिस्क हबवर एक भोक पुढे फिरवून परत मोजा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सुटतं.

डायल गेज नसेल तर टर्नरकडून किंवा ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन तासांसाठी आणा. हे मोजमाप सोडू नका.

तपासा: हबला वर-खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग आत्ताच बदला.

## टप्पा ८: कॅलिपर आणि पाईप

हँडब्रेक आतच असलेल्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबून आत जात नाही. तो फिरवून न्यावा लागतो. शिकंजा लावून दाबला तर आतला स्क्रू मोडतो आणि कॅलिपर गेला. फिरवायचं योग्य साधन वापरा. काही गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला फिरवायची दिशा वेगळी असते, ती मॅन्युअलमध्ये पाहा. शेवटी पिस्टनवरची खाच पॅडच्या मागच्या गुठळीसमोर आणा. हे विसरलं तर पॅड एका बाजूने झिजतो.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. बसायला दोन्ही बसतात. पण हवा काढायचं निपल खाली जातं आणि हवा वरच अडकून राहते. असाच एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. तीन बाटल्या ऑइल ओतून झालं होतं आणि पेडल अजून स्पंजासारखं. कॅलिपरची अदलाबदल केली आणि अर्ध्या तासात पेडल घट्ट झालं.

निपल वरच्या टोकाला. कामाच्या खोलीत हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

पाईपच्या टोकाचे दोन प्रकार येतात, डबल फ्लेअर (नरसाळ्यासारखं) आणि बबल फ्लेअर (फुगवट्यासारखं). दोन्ही एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण गळतात. जिथे जे आहे तिथे तेच. पाईप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टवर, पाईपच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे नवे वॉशर. रबरी पाईप पिळलेला नको, आणि चाक पूर्ण खाली लटकलं काय किंवा पूर्ण वर गेलं काय, तो ताणला किंवा घासला जाता कामा नये. बोल्ट टॉर्क रेंचने, ज्या गाडीचा संच आहे तिच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला.

## टप्पा ९: हवा काढणं

हँडब्रेकची केबल अजून जोडू नका. टाकी सीलबंद बाटलीतल्या ऑइलने भरा. दोन माणसं हवीत, एक पेडलवर, एक निपलवर. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक ऑइलात बुडवा. पेडल सावकाश दाबा, निपल उघडा, बंद करा आणि मगच पेडल सोडा. चाकांचा क्रम मॅन्युअलप्रमाणे. तिरक्या सर्किटच्या गाडीत ‘सगळ्यात लांबचं आधी’ हा नियम दरवेळी लागू पडत नाही. टाकीवर डोळा ठेवा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

तपासा: इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवून पाहा.

## टप्पा १०: हँडब्रेक, केबल शेवटी

पेडल तीस-चाळीस वेळा सावकाश दाबा, म्हणजे कॅलिपरमधला ॲडजस्टर पॅडला जवळ आणतो. मग केबल ढिली ठेवूनच जोडा. हँडब्रेक सोडलेला असताना दोन्ही कॅलिपरचे दांडे आपापल्या टेकूवर पूर्ण मागे बसले पाहिजेत. तसे बसल्यावरच केबलचा ढिलेपणा काढा आणि जरा आधी थांबा.

बरेच जण उलटं करतात. लिव्हर जास्त वर येतो म्हणून केबल कसतात. दांडा टेकूवर परत जात नाही, ॲडजस्टर काम करणं थांबवतो, पॅड घासत राहतात आणि महिन्याभरात हँडब्रेक पुन्हा ढिला. मग केबल आणखी कसली जाते.

तपासा: चढावर, मागे मोकळी जागा ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये नुसत्या हँडब्रेकवर उभी करा. तोंड चढाकडे आणि तोंड उताराकडे, दोन्ही वेळा धरली पाहिजे.

## टप्पा ११: पॅड बसवून घेणं, मग तोल

क्रम हाच. नव्या पॅडची पकड सुरुवातीला कमी असते. आधीच तोल तपासला तर मागचा ब्रेक सौम्य वाटतो, तुम्ही निश्चिंत होता आणि पाचशे किलोमीटरनंतर तो खरा जोर दाखवतो.

आधी आवारातच चालण्याच्या वेगाने पाच-सहा वेळा थांबा. मग पहाटे, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर, ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा. मध्ये गार व्हायला वेळ द्या आणि पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. नव्या कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार यासाठी वापरू नका. तिथे तुमच्या मागे भरलेले ट्रक असतात.

आता तोलाची चाचणी. एबीएस नसलेल्या गाडीत कसोटी एकच: पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम झाली पाहिजेत. मालकाची परवानगी असलेलं रिकामं आवार, कोरडी सरळ जमीन, गाडीत फक्त चालक, ताशी ३० ते ४० किलोमीटर. एक माणूस लांब बाजूला उभा राहून मोबाइलवर चाकांचं चित्रण करतो. स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक वाढवत न्या.

ओल्या जमिनीवर चाचणी घेऊन समाधान मानू नका. ओल्यावर ब्रेक कमी लागतो, वजन पुढे कमी जातं, मागची चाकं जड राहतात आणि गाडी चाचणी पास होते. मागचं चाक जाम होण्याचा धोका कोरड्या रस्त्यावर, रिकाम्या गाडीत, जोरात ब्रेक मारताना सगळ्यात जास्त. घाट उतरताना तर आणखी जास्त, कारण उतारामुळे मागचं वजन आधीच कमी झालेलं असतं.

मागचं आधी जाम झालं, तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पुढे-मागे सर्किट असेल तर मागच्या लाईनवर दाब कमी करणारा ॲडजस्टेबल वॉल्व्ह लावता येतो. तिरक्या सर्किटवर एक वॉल्व्ह पुरत नाही, आणि दोन लावले तर डाव्या-उजव्याचा दाब सारखा ठेवणं हाताने जमत नाही. तिथे उपाय लहान पिस्टनचा कॅलिपर किंवा परत ड्रम. ज्या गाडीत मागच्या एक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे दाब बदलणारा वॉल्व्ह आहे, तिथे तो काढून टाकू नका.

## टप्पा १२: पहिले हजार किलोमीटर

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. मागच्या डाव्या-उजव्यात मोठा फरक असेल तर एक कॅलिपर अडकतोय किंवा एक केबल जास्त कसलेली आहे. ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्कने पुन्हा कसा. आठवड्याने सगळे जोड कोरड्या कागदाने तपासा आणि टाकीतली पातळी पाहा. हजार किलोमीटरला मागचे पॅड काढून आतल्या-बाहेरच्या बाजूची जाडी मोजा. आतला जास्त झिजला असेल तर पिना किंवा पिस्टनची खाच, बाहेरचा असेल तर बहुधा पिना.

काढलेले ड्रम, बॅक प्लेट आणि केबल निदान एक पावसाळा जाईपर्यंत भंगारात देऊ नका. तेल लावून, डावं-उजवं लिहून, पोत्यात बांधून ठेवा.